विंचेस्टरचा ऑर्गन आणि ७० माणसे

पाइप ऑर्गनच्या इतिहासावर काहीही वाचायला घ्या, इंग्लंडमधील विंचेस्टरच्या ऑर्गनचे वर्णन बहुधा भेटतेच. दहाव्या शतकाच्या अखेरीस तिथल्या ओल्ड मिन्स्टर या मठाच्या चर्चमध्ये ४०० नळ्यांचा ऑर्गन होता; वर १२ आणि खाली १४ असे २६ भाते होते; ते चालवताना ७० धट्टीकट्टी माणसे घामाघूम होत. आवाज इतका की लोक कानांवर हात ठेवत.

हे सारे आले त्याच मठातील वुल्फस्टन या भिक्षूच्या लॅटिन पद्यातून. वाद्य उरलेले नाही, ती वास्तूही १०९३-९४ मध्ये पाडली गेली. म्हणजे साक्षीदार एकच, आणि तोही कवी. शिवाय हे पद्य ज्यांना उद्देशून आहे त्या बिशप अल्फेज यांनीच ऑर्गन वाढवल्याचे श्रेय कवी त्यांना देतो. आश्रयदात्याची स्तुती करणारा कवी आकडे कमी करून सांगेल का?

मला खटकतो तो ७० हा आकडा. हिशोब करून पाहा. माणूस बराच वेळ काम करताना साधारण ७५ वॉट शक्ती देतो. ७० जणांची झाली ५,२५० वॉट. भात्यातील हवेचा दाब १०० मिलिमीटर पाण्याइतका, म्हणजे सुमारे ९८० पास्कल धरू. शक्तीला दाबाने भागले की प्रवाह मिळतो: सेकंदाला ५ घनमीटरहून अधिक हवा! वादक दोनच. प्रत्येकाने एक पट्टी ओढली तर एका वेळी वाजणार २० नळ्या. म्हणजे एकेका नळीत दर सेकंदाला २०० लिटरच्या पिंपाहून जास्त हवा. चामड्याच्या शिवणींतून निम्मी गळाली असे मानले तरी हे पटत नाही.

माणसे पाळीपाळीने काम करत असतील, असा बचाव करता येईल. पण पद्यात पाळ्यांचा उल्लेख नाही. हाल्बरश्टाट येथील १३६१ च्या ऑर्गनचे वर्णन प्रेटोरियसने १६१९ मध्ये केले आहे. तिथे २० भात्यांना १० माणसे पुरत, कारण एकेक जण दोन्ही पायांनी दोन भाते दाबत असे.

मग सगळे पद्य टाकून द्यायचे का? मुळीच नाही. वुल्फस्टन सांगतो की एकूण ४० पट्ट्या होत्या, प्रत्येकीवर १० नळ्या, आणि दोघे वादक आपापली ‘मुळाक्षरे’ सांभाळत. ४० गुणिले १० बरोबर ४००. हा हिशोब जुळतो. ही मुळाक्षरे कवीची कल्पना वाटू शकतात, पण बाराव्या शतकातील थिओफिलस ऑर्गन बांधण्याची कृती देताना ओढायच्या पट्ट्यांवर अक्षरे कोरायला सांगतो. त्याच्यासमोर खूश करायला कोणी बिशप नव्हता, कारागीर होते. आजच्यासारखी दाबायची कळफळी तेव्हा नव्हती. पट्टी बाहेर ओढली की तिच्यावरच्या दहाही नळ्या एकदम वाजत, त्यांतली एखादी वगळण्याची सोय नव्हती. कानांवर हात का जात, ते यावरून समजते. त्यासाठी ७० माणसे लागत नाहीत.