लहान आहे हो, त्याला काय कळतंय!

चारचौघांत मूल भलतंच काही बोललं की मराठी घरात एक वाक्य हमखास ऐकू येतं: ‘लहान आहे हो, त्याला काय कळतंय!’ पाहुण्यांना ‘तुम्ही कधी जाणार?’ असं विचारणारं मूल, लग्नाच्या पंगतीत ‘या काकूंचा हार खोटा आहे ना?’ म्हणणारं मूल, दारात उभ्या असलेल्या देणेकऱ्याला ‘बाबा घरी नाहीत असं सांग म्हणालेत’ हा निरोप शब्दशः पोचवणारं मूल – प्रसंग कोणताही असो, मोठ्यांचं उत्तर तेच. हे वाक्य माफी मागतं आणि त्याच दमात पुरावाही पुसून टाकतं. मुलाला काही कळत नाही हे एकदा मान्य झालं, की त्याने जे सांगितलं त्याचीही चौकशी करायची गरज उरत नाही.

मुलांच्या अशा बोलण्याकडे आपल्या साहित्याने कसं पाहिलं, हा या लेखाचा विषय आहे. माझं म्हणणं थोडक्यात असं: या मुलाला आपण निरागस सत्यवक्ता समजत आलो आहोत, पण बहुतेक वेळा ते घरात ऐकलेलं वाक्य बाहेर जसंच्या तसं म्हणून दाखवत असतं. तेव्हा समीक्षकाने त्या वाक्याचा उगम शोधायला हवा. आपल्या विनोदाने हा शोध सोयीच्या ठिकाणी थांबवला. पुढचा शोध ज्यांना घ्यावा लागला त्यांचं लेखन आपण वेगळ्या कपाटात ठेवलं.

फ्रॉइडने १९०५ साली विनोदावर पुस्तक लिहिलं, त्याच्या शेवटच्या प्रकरणात निरागस विनोदाचा स्वतंत्र विचार आहे. तिथलं एक उदाहरण प्रसिद्ध आहे. दोन भावंडं घरच्या मंडळींपुढे स्वतः रचलेलं नाटक करतात. समुद्रकाठची झोपडी, गरीब कोळी आणि त्याची बायको. कोळी पैसे कमवायला दूरदेशी जातो, काही वर्षांनी पैशांची थैली घेऊन परततो. बायको म्हणते, मीही काही रिकामी बसले नव्हते. आणि झोपडीत ओळीने झोपवलेल्या बारा बाहुल्या दाखवते – ही आपली मुलं! प्रेक्षक पोट धरून हसतात, आणि ते का हसतात हे त्या भावंडांना उमगत नाही. फ्रॉइड इथे एक अट सांगतो. बोलणाऱ्याच्या मनात संकोचाचा बांधच नाही, अशी ऐकणाऱ्याची खात्री असावी लागते. बांध आहे आणि पोर तो मुद्दाम ओलांडतंय असा संशय आला, की हसण्याची जागा राग घेतो. म्हणजे निरागसता हा मुलाचा गुण असतो तितकाच ऐकणाऱ्याने घेतलेला निर्णयही असतो. ‘त्याला काय कळतंय’ हे त्या निर्णयाचं मराठी रूप.

फ्रॉइडचा कोळी कल्पनेतला होता. खऱ्या कोळीवाड्याजवळ हे उदाहरण वाचलं की त्याचे काही कंगोरे जाणवतात. मढला अजूनही ‘आयलंड’ म्हणायची रीत असली तरी मालाडहून रस्त्याने बस थेट तिथे जाते. एका बाजूला मासळी सुकवणारा कोळीवाडा आहे, दुसऱ्या बाजूला उंच कुंपणांचे बंगले आहेत, आणि त्या बंगल्यांत सिनेमांचं आणि मालिकांचं चित्रीकरण चालतं. मालिकेतलं मूलही मोठ्यांची फजिती करणारी वाक्यं बोलतं. फरक एवढाच, की ती कुणी लिहून दिलेली असतात, पाठ केलेली असतात आणि पुन्हापुन्हा ‘रीटेक’ घेऊन घोटलेली असतात. बांध नसल्याची जी खात्री फ्रॉइडला आवश्यक वाटली, तिचा इथे अभिनय होतो. त्या मुलाच्या तोंडून कुणाचंही खरं घर उघडं पडत नाही, म्हणून आपण ते निर्धास्तपणे पाहतो.

कुंपणाबाहेरची गोष्ट वेगळी. मढच्या धक्क्यावरून वर्सोव्याला फेरीबोट जाते. खाडी अरुंद आहे, प्रवास काही मिनिटांचा. मोटारसायकली, सहलीला आलेली कुटुंबं, कामावर निघालेली माणसं आणि मासळीच्या पाट्या एकाच फळीवर खेटून उभ्या असतात. या विषयाची टिपणं काढताना मी जी वाक्यं लिहून ठेवली, त्यांतलं एक या बोटीतलं आहे. चार-पाच वर्षांचा मुलगा, शेजारी रिकाम्या पाट्या घेतलेली कोळीण. मुलाने नाक वर केलं आणि अगदी जिज्ञासेने विचारलं, ‘आई, आजी म्हणते तो वास हाच ना?’ आईने त्याला मागे ओढलं आणि ठरलेलं वाक्य म्हटलं. कोळीण हसली. म्हणाली, ‘त्याला कललंय, बाय. त्यानी नाव पन सांगितला.’

या उत्तराइतकी नेमकी समीक्षा मला पुस्तकांत क्वचितच सापडली. मुलाच्या वाक्यात वासाची तक्रार नव्हतीच. तो वास ओळखत होता, आणि कशावरून ओळखत होता त्याचा दाखलाही देत होता. ‘आजी म्हणते’ हे दोन शब्द त्या वाक्यात नसते, तर फ्रॉइडची अट पुरी झाली असती आणि सगळी बोट हसली असती. ते होते म्हणून आईला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलाचा उद्धटपणा तिला बोचला नव्हता. जेवणाच्या टेबलावर बोललेलं वाक्य ज्या बाईविषयी होतं, तिच्यासमोर ते उभं राहिलं होतं.

आता आपल्या विनोदी साहित्याकडे वळू. चिं. वि. जोशींच्या चिमणरावांचं घर मराठी वाचकाला स्वतःच्या घरासारखं परिचित आहे. मोरू, मैना, राघू ही मुलं, घरातली बायकामंडळी, आणि हक्काने घुसणारा गुंड्याभाऊ. ‘चिमणरावाचें चऱ्हाट’ १९३३चं. मिळकत बेताची आणि मान राखायची हौस मोठी, या दोहोंतली फट हे त्या विनोदाचं भांडवल. मूल ज्या घरात गौप्यस्फोट करू शकतं, ते हे घर. पण इथे कुठलं गुपित फुटू शकतं? पैशाचं, बढाईचं, फसलेल्या बेताचं. यांतल्या कशानेही तिसऱ्या माणसाचा अपमान होत नाही. लाज आणि हसू दोन्ही घरच्या घरात राहतात. पुढच्या मध्यमवर्गीय विनोदाने हाच वसा घेतला. आपल्या फजितीवर आपणच हसण्याचा तो मोकळेपणा मोलाचा आहे, आणि मला तो प्रिय आहे. त्याची कक्षा मात्र दिसायला हवी: घर आपल्या दारिद्र्यावर हसलं, आपल्या तिरस्कारावर फारसं हसलं नाही.

याच दशकात साने गुरुजींनी या मुलाचं दुसरं रूप घडवलं. ‘श्यामची आई’ १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात लिहून झालं आणि १९३५मध्ये प्रसिद्ध झालं. त्यातली ‘अळणी भाजी’ आपल्या विषयाच्या दृष्टीने वाचण्यासारखी आहे. आई भाजीत मीठ घालायला विसरते. वडील काही न बोलता जेवतात आणि मुलंही तोच धडा गिरवतात. आई स्वतः जेवायला बसते तेव्हा तिला कळतं. जिभेवर आलेलं खरं दुसऱ्याच्या कष्टांसाठी गिळावं, ही शिकवण. इथलं मूल बोलत नाही, आणि हा मुका समजूतदारपणा पुढे अनेक पिढ्यांना आदर्श म्हणून दाखवला गेला.

पण त्याच पुस्तकात ‘देवाला सारी प्रिय’ आहे. अस्पृश्य म्हातारीची मोळी तिच्या डोक्यावर चढवायला आई श्यामला पाठवते. लोक काय म्हणतील याची धास्ती श्यामला आहे, आईला नाही. घरी आल्यावर आंघोळ कर, एवढीच तिची तडजोड. ही आंघोळ आज आपल्याला खुपते आणि खुपायलाच हवी. तरी या कथेतली दिशा लक्षात घ्यावी. इथेही मूल चारचौघांत लाज आणणारी कृती करतं, आणि इथेही ते घराचंच म्हणणं बाहेर नेतं. एका घरातून वास बाहेर येतो, दुसऱ्या घरातून मदतीचा हात. मूल दोन्हीकडे तेच, निरोप्याचं काम करणारं.

मुलाच्या आतून हे सारं कसं दिसत असेल, याचा मराठीतला सर्वांत प्रामाणिक प्रयत्न प्रकाश नारायण संतांचा. ‘वनवास’ १९९४मध्ये आलं, त्यानंतर ‘शारदा संगीत’, ‘पंखा’, ‘झुंबर’. सीमाभागातल्या गावात आजी-आजोबांकडे राहणारा लंपन स्वतःच बोलतो, आणि कानडीची लय असलेल्या त्याच्या मराठीत मोठ्यांचं जग एक न सुटलेलं गणित होऊन येतं. संतांनी मुलाला गोड केलं नाही. लंपन निरखतो, अंदाज बांधतो, चुकतो, मनाशी ताळा करतो. ज्याला आपण ‘काही कळत नाही’ म्हणतो तो सतत काहीतरी कळवून घेत असतो, ही या कथांनी दिलेली समज मला मराठी बालमनाच्या चित्रणातली सर्वांत मोठी कमाई वाटते. अशा मुलाला घरातलं वाक्य ऐकू येतं, ते त्याच्या हिशेबात जमा होतं, आणि योग्य जागी ते खर्च करतं. मढच्या बोटीतल्या मुलाने हेच केलं.

आता खुर्ची फिरवू. आतापर्यंतचं मूल बोलणाऱ्याच्या बाजूचं होतं. ज्याच्याविषयी बोललं जातं, त्या घरातलं मूल चारचौघांत बोलतं तेव्हा काय होतं? डॉ. आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या इंग्रजी आठवणींतला पहिला प्रसंग १९०१चा आहे. भीमराव तेव्हा नऊ-दहा वर्षांचे. भावंडं-भाचरांसह साताऱ्याहून आगगाडीने निघून गोरेगावला नोकरीवर असलेल्या वडिलांकडे जायचं, म्हणून मुलं मसूर स्टेशनवर उतरली. अंगावर नवे कपडे, जरीच्या टोप्या. घ्यायला कुणी आलेलं नाही. कपड्यांवरून त्यांना ब्राह्मणांची मुलं समजलेल्या स्टेशनमास्तराने आपुलकीने चौकशी केली, तुम्ही कोण? भीमरावांनी सरळ सांगून टाकलं, आम्ही महार. मास्तरचा चेहरा पालटला आणि तो मागे फिरला.

मुलाचं बोलणं, समोरच्याचा बदललेला चेहरा, भोवती पसरलेली अवघडलेली शांतता – चारचौघांतल्या फजितीचा सगळा साचा या प्रसंगात आहे. नाही ते एकच वाक्य. ‘लहान आहे हो’ म्हणायला तिथे कुणी नव्हतं. निरागस ठरवून माफ करण्याची सवलत या मुलाला मिळाली नाही, कारण त्याचं वय दिसण्याआधी त्याची जात ऐकू आली होती. पुढे दुप्पट भाडं कबूल केल्यावर एक गाडीवाला तयार झाला. गाडी मुलांनी हाकायची आणि तो बाजूने चालणार. रात्री जकात नाक्यावर पाणी हवं होतं, तेव्हा गाडीवाल्याच्या सल्ल्याने त्याच मुलाने आपण मुसलमान असल्याचं उर्दूत सांगितलं. तरीही पाणी मिळालं नाही. संध्याकाळी खरं बोललेलं मूल रात्रीपर्यंत खोटं बोलायला शिकलं होतं. श्यामला जीभ आवरायला आईच्या मायेने शिकवलं, भीमरावांना तहानेने.

शरणकुमार लिंबाळे यांच्या ‘अक्करमाशी’त (१९८४) शाळेची सहल आहे. सवर्ण मुलांचं उरलेलं अन्न दलित मुलांच्या वाट्याला येतं, आणि नंतर गुरुजी त्याच सहलीवर निबंध लिहायला सांगतात. निबंधाला सुरुवात कशी करावी हेच मुलाला कळेना. शाळेला अपेक्षित असलेला निबंध झाडं, पक्षी, मौजमजा यांचा. या मुलाने पाहिलेलं खरं लिहिलं असतं तर लाज वर्गाला वाटायला हवी होती, पण लाज ठेवायची ती मुलाकडेच, असा अलिखित नियम होता. आत्मकथन हा त्या न लिहिलेल्या निबंधाचा उशिरा लिहिलेला मजकूर आहे, असं मला वाटतं.

ही पुस्तकं आपण दलित साहित्य म्हणून वाचतो, चिमणरावांना विनोद म्हणून, लंपनला बालपणाच्या कथा म्हणून. मूल चारचौघांत काय बोलतं हा प्रश्न घेतला की ती एका रांगेत येतात आणि एकमेकांवर प्रकाश टाकतात. विनोदात मुलाला हसून सोडून देण्याचा जो अधिकार गृहीत धरलेला असतो, तो सर्वांना मिळालेला नव्हता, हे आत्मकथनं दाखवतात. आणि आत्मकथनांतला स्टेशनमास्तर आभाळातून पडला नव्हता, तोही कधीकाळी कुठल्यातरी माजघरात ‘आजी म्हणते’ ऐकत वाढलेला मुलगा होता, याचा माग विनोदी साहित्यातल्या घरांपर्यंत जातो.

एक आक्षेप रास्त आहे. मुलाच्या प्रत्येक बोलण्यामागे घराचा अपराध शोधायचा का? तुमच्या डोक्यावर केस का नाहीत, हे विचारणारं मूल कुणाचंच वाक्य म्हणत नसतं. त्याला खरंच केस दिसलेले नसतात. तिथे हसावं आणि टक्कल असलेल्या गृहस्थांनीही हसावं. फरक ओळखण्याची खूण भाषेतच असते. जे मुलाने पाहिलं ते प्रश्न होऊन येतं. जे ऐकलं ते निकाल होऊन येतं, कधी सरळ, कधी प्रश्नाच्या आडून. ‘हे काय आहे?’ हे त्याचं स्वतःचं. ‘हाच ना तो?’ हे घरचं.

म्हणून ठरलेलं वाक्य मला अपुरं वाटतं. त्यात क्षमा मुलासाठी मागितली जाते, समोरच्या माणसाला मात्र काहीच सांगितलं जात नाही. बोटीतल्या त्या आईला ‘आमच्या घरी असं बोलतात, चुकतं आमचं’ एवढं म्हणता आलं असतं. ते अवघड आहे, आणि त्यासाठी लागणारं धैर्य मुलाकडून उसनं घेता येत नाही. ते घरी परतल्यावर आजीसमोर लागतं.