चौकोनात न मावणारा साप

बॉल पायथन हा आफ्रिकेतला छोटा अजगर. १९९९ च्या सुमारास अमेरिकेतील पैदासकारांनी त्याचा कोळ्याच्या जाळ्यासारख्या नक्षीचा ‘स्पायडर’ वाण वाढवला. हा गुण प्रभावी असल्याने साध्या जोडीदारापासूनही सुमारे निम्मी पिल्ले नक्षीदार होतात. पनेटचा चौकोन बरोबर जुळतो. पण या सापांचे डोके डुगडुगते, भक्ष्यावरचा नेम चुकतो. शरीराचा तोल सांभाळणाऱ्या, कानातील अर्धवर्तुळाकार नलिकाच सदोष असल्याचे २०२२ मध्ये तपासलेल्या सापांच्या सीटी स्कॅनमध्ये दिसले. डोके डुगडुगते हे ठाऊक असूनही नक्षीसाठी पैदास चालू राहिली, हे आम्हाला आक्षेपार्ह वाटते. चौकोनात आपणही एका जनुकासमोर एकच गुण लिहितो. ही सवय तपासू या. ‘हे जनुक आणखी काय करते?’ असे वर्गात आवर्जून विचारू या.