दीपन, पाचन आणि दही : एका रूढ विधानाची चिकित्सा

‘उत्तम पचनासाठी रोज दही खावे, असे आयुर्वेदाचे मत आहे’, या आशयाचे विधान आरोग्यविषयक मराठी लेखनात इतक्या वेळा येते की, त्याचा आधार तपासण्याची कोणास आवश्यकता भासत नाही. आधार अगदीच नाही असे नव्हे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातील सत्ताविसाव्या अध्यायात दह्याच्या गुणांमध्ये ‘दीपन’ हा शब्द आहे. या एका शब्दावर पुढील सारी इमारत उभी राहिली आहे.

परंतु त्याच ठिकाणी दही रुचिकर, स्निग्ध, बलवर्धक, बृंहण आणि ‘मंगल्य’ही म्हटले आहे. परगावी निघालेल्याच्या हातावर दही ठेवण्याची आपल्याकडील चाल ज्यांना परिचित आहे, त्यांना या शेवटच्या शब्दाचे नवल वाटणार नाही. म्हणजे ही गुणावली केवळ पचनाच्या दृष्टीने रचलेली नाही. लगेच पुढे शरद, ग्रीष्म आणि वसंत या ऋतूंत दही प्रायः निंद्य ठरविले असून रक्त, पित्त व कफ यांच्या विकारांत ते अहितकर सांगितले आहे. अवतरण घेणारे लेखक येथवर येत नाहीत, हा माझा पहिला आक्षेप होय.

दुसरा आक्षेप अर्थाविषयी आहे. दीपन म्हणजे पाचन नव्हे. शार्ङ्गधराने हा भेद स्वच्छ मांडला आहे : जे अग्नी प्रदीप्त करते पण आम पचवीत नाही ते दीपन, उदाहरणार्थ बडीशेप, जे आम पचविते पण अग्नी प्रदीप्त करीत नाही ते पाचन, उदाहरणार्थ नागकेशर. शार्ङ्गधर चरकाहून पुष्कळ अर्वाचीन असल्याने त्याची व्याख्या चरकाच्या शब्दावर सरसकट लादता येणार नाही, हे मान्य. तथापि ‘दीपन’ या पदाचे मराठीकरण ‘पचनास उत्तम’ असे करणाऱ्याने निदान या भेदाची दखल घ्यावयास हवी होती.

वाग्भटाकडे वळल्यास चित्र अधिकच स्पष्ट होते. अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानातील पाचव्या अध्यायात दही गुरू, उष्ण आणि ग्राही म्हटले आहे. एकाच समासात ते मेद, कफ, पित्त, रक्त आणि अग्नी वाढविणारे व सूज आणणारे ठरते. अग्नी तेवढा उचलावा आणि सूज तेथेच सोडावी, ही निवड कोणत्या न्यायाने? ‘उष्ण’ या शब्दापाशीही थांबले पाहिजे. आपल्या घरांतून दही थंड समजले जाते. ते स्पर्शाला थंड असेल. शास्त्रकारांच्या मते त्याचे वीर्य उष्ण आहे. ग्रहणीच्या विकारात वाग्भट दह्याला वाव देतो, हेही सांगितले पाहिजे. परंतु ते रूक्ष, म्हणजे स्नेह काढलेले दही होय. आणि ‘रोज’ या शब्दाचे काय? दही नित्य खाऊ नये, नीट न विरजलेले तर खाऊच नये, असा वाग्भटाचा निषेध आहे.

रात्री दही नको, तापविलेले नको, आणि तूप, साखर, मुगाचे कढण, मध वा आवळा यांवाचून नको, हा नियम चरकानेही सातव्या अध्यायाच्या अखेरीस दिला आहे. ही सारी अनुपाने एकत्र हवीत की त्यांपैकी एखादे पुरे? नुसत्या नकारांच्या मालिकेवरून निर्णय होत नाही. समप्रमाणातील मध व तूप यांना चरकच विरुद्धाहार मानतो. तेव्हा ती सर्व एकदम घेणाऱ्यास प्रमाणाची काळजी घ्यावीच लागेल. मला विकल्पाचा अर्थ अधिक सयुक्तिक वाटतो. (आपण श्रीखंड हौसेने खातो ते पाडव्याला आणि दसऱ्याला, म्हणजे नेमके वसंतात आणि शरदात, साखरेची अट मात्र पुरेपूर पाळतो!)

मग पचनासाठी या ग्रंथकारांनी काय सांगितले? ताक. ते लघू, दीपन, कफवातनाशक. अर्श आणि ग्रहणी या विकारांत चरकाने त्याचा विस्ताराने पुरस्कार केला आहे. सूत्रस्थानाच्या पंचविसाव्या अध्यायातील श्रेष्ठ द्रव्यांच्या यादीत ग्रहणीदोष, सूज व अर्श शमविणाऱ्यांत ताकाच्या नित्य सेवनास अग्रस्थान आहे, तर त्याच यादीत अपुरे विरजलेले दही अभिष्यंद करणाऱ्यांत अग्रेसर आहे. ताक म्हणजे नेमके काय, याबाबत मतैक्य नाही. सुश्रुत लोणी काढून निम्मे पाणी घालावयास सांगतो. भावमिश्राच्या ताकात पाणी चतुर्थांश असते, आणि निम्म्या पाण्याच्या पेयास तो ‘उदश्वित्’ हे वेगळे नाव देतो.

अलीकडे या विधानास आणखी एक टेकू मिळाला आहे. मेचनिकॉफ याने 1907 साली आंबट दुधातील जंतूंचा दीर्घायुष्याशी संबंध जोडला. दुधातील शर्करा ज्यांना पचत नाही त्यांना दही तुलनेने सोसते, आणि त्याचे श्रेय दह्यातील जंतूंच्या विकराला आहे, हेही आता प्रयोगांनी मान्य झाले आहे. ही माहिती आपल्या बळावर उभी आहे. तिला चरकाच्या साक्षीची गरज नाही, आणि चरकाच्या ‘दीपन’ शब्दात ती आधीच दडलेली होती असे म्हणण्यास संहितेत काडीचाही आधार नाही. दही खाणाऱ्याने ते खुशाल खावे; ग्रंथाचे नाव घ्यावयाचे असेल तर पुढचा श्लोकही वाचावा.