विक्रमोर्वशीयाचा चौथा अंक : गीत, गति व पाठनिर्णय

गीत व अंगविक्षेप यांच्या द्वारें कथा सांगणारे कालिदासाचे दोन प्रसंग रसिकांच्या विशेष आवडीचे आहेत : मालविकाग्निमित्राच्या दुसऱ्या अंकांतील मालविकेचें नृत्य, आणि विक्रमोर्वशीयाच्या चौथ्या अंकांतील पुरूरव्याचा उर्वशीशोध. पहिल्याविषयीं पाठाचा मोठा तंटा नाहीं. दुसऱ्याचे मात्र संपादकांच्या हातीं फार हाल झाले आहेत, व त्याविषयींच येथें चार शब्द लिहावयाचे आहेत.

मालविका नाचते तेव्हां रंगभूमीवरच प्रेक्षक बसलेले असतात. गणदास व हरदत्त या आचार्यांची स्पर्धा, शर्मिष्ठेची म्हणून सांगितलेली मध्यलयींतील चतुष्पदी, आणि अंगांनीं अर्थ कसा व्यक्त केला याविषयीं परिव्राजिकेनें दिलेला निवाडा, असा सगळा थाट आहे. राजास तर नृत्यापेक्षां नृत्यानंतर स्थिर उभी राहिलेली मालविकाच अधिक मोहक वाटते. सारांश, तेथील हालचाल आपणांस पाहणाऱ्यांच्या मुखानें कळते. पुरूरवा अरण्यांत एकटाच आहे. त्याच्याकडे पाहणारें कोणी नाहीं. विदूषकहि जवळ नाहीं. (प्रत्येक अंकांत विदूषक असावा असें त्रोटकाचें लक्षण करून साहित्यदर्पणकार पंचांकी त्रोटकाचें उदाहरण म्हणून याच नाटकाचें नांव घेतात, ही एक मौजच!) तो कसा चालला, कोठें थबकला, कोणत्या लयीनें वळला, हें सांगणार कोण?

उत्तरेकडील पोथ्यांत याचें उत्तर आहे. त्यांत राजाच्या संस्कृत श्लोकांच्या मधून मधून प्राकृत-अपभ्रंश गीतें येतात, आणि त्यांच्या भोंवतीं द्विपदिका, चर्चरी, खण्डधारा, जम्भलिका, भिन्नक, कुटिलिका, मल्लघटी अशीं गीत-नृत्यविषयक नांवें विखुरलेलीं असतात. राजानें फिरावयाचें तें द्विपदिकेनें, दिशा न्याहाळावयाच्या त्याहि द्विपदिकेनें. सतराव्या शतकांतील रंगनाथाच्या टीकेंत हा पाठ आहे. दक्षिणेकडील पोथ्यांत व कोंडवीडूच्या कुमारगिरि रेड्डीचा मंत्री काटयवेम याच्या टीकेंत यांतलें कांहींच नाहीं. पिशेलनें १८७५ सालीं दाक्षिणात्य पाठ छापला. शंकर पांडुरंग पंडित यांनीं १८७९ च्या मुंबई संस्कृत मालेंतील आवृत्तींत हीं गीतें प्रक्षिप्त ठरवून मूळ संहितेंतून वगळलीं.

या मतामागील प्रमाणें हलकीं नव्हेत. उत्तम पात्र असलेला राजा अपभ्रंश कसा बोलेल? गीतांत पुष्कळदां संस्कृत श्लोकांतील अर्थाचीच पुनरुक्ति होते. भवभूतीनें मालतीमाधवाच्या नवव्या अंकांत या प्रसंगाचा कित्ता उघड गिरविला, पण तेथें माधवाच्या तोंडीं असलीं गीतें नाहींत. कालिदासाच्या काळीं अपभ्रंश या अवस्थेस पोंचली होती काय, हा प्रश्न तर आहेच.

तथापि या चर्चेंत एक गोष्ट दृष्टीआड होते. नाट्यशास्त्राच्या बत्तिसाव्या अध्यायांत ध्रुवांचें विवेचन आहे. पात्राच्या प्रवेशीं, निर्गमनीं व मध्यंतरीं गाइल्या जाणाऱ्या या गीतांस भरत प्राकृत भाषाच सांगतो, आणि पात्राची अवस्था उपमानानें सुचविण्याचा त्यांचा संकेत आहे. राजाच्या प्रवेशापूर्वीं पडद्याआडून विरही गजेंद्राचें गीत येतें तें या संकेतास धरूनच होय. तें राजाचें भाषण नव्हे, गायकवृंदाचें आहे. सगळीं गीतें अशीं नाहींत, कांहीं राजाच्याच तोंडीं आहेत, हें मान्य. पण म्हणून दोहोंस एकच न्याय लावणें बरोबर नाहीं.

आणि गीतें गेलीं म्हणजे अंकाचें काय होतें तें पाहावें. राजा मोरास विचारतो, तर मोर उत्तर न देतां नाचूं लागतो; हंसाला तो चोर ठरवितो, कारण उर्वशीची चाल त्याच्यापाशीं सांपडली, तेव्हां सारा ऐवज त्यानेंच परत केला पाहिजे; नदीच्या तरंगांत त्याला तिच्या भुंवयांचा भंग दिसतो. प्रत्येक कल्पनेचा प्राण गति हाच आहे. दाक्षिणात्य पाठांत या कल्पना एकामागून एक येतात, आणि सुंदर मुक्तकांची माळ वाचल्यासारखें होतें. दोन प्रश्नांमधील भटकंती, आशा विझण्यास लागणारा वेळ, हें सर्व गीतानें व पदन्यासानें भरावयाचें होतें.

याहून महत्त्वाची एक खूण आहे. उत्तरेकडील पाठांत अंकाचा आरंभ सखीच्या दुःखानें व्याकुळ होऊन सरोवरांत आसवें ढाळणाऱ्या दोन हंसींच्या गीतानें होतो. त्या दोन हंसी म्हणजे चित्रलेखा व सहजन्या. संगमनीय मण्याच्या योगें वेलीची पुन्हां उर्वशी झाल्यावर राजा मेघाचें विमान करून तिच्यासह परततो, तेव्हां शेवटचें गीत सहचरीसह स्वैर विहरणाऱ्या तरुण हंसाचें. मधल्या सर्व गीतांचा दर्जा सारखा नाहीं, कांहीं तर निःसंशय भरतीचीं आहेत. पण या दोन टोकांचा मेळ ज्यानें घातला तो पोकळ जागा भरणारा लेखक नव्हता. तो कालिदास होता असें सिद्ध करण्याचा माझा आग्रह नाहीं. निदान हा अंक रंगभूमीवर उभा करणारा कोणी जाणता नाट्याचार्य तरी तो होता, आणि त्याच्या प्रयोगाची संहिता आपल्या हातीं आहे. तिला प्रक्षेप म्हणून बाजूस सारणें हा तिच्यावर अन्याय आहे.

वेलणकरांची चिकित्सक आवृत्ति १९६१ सालीं साहित्य अकादमीनें प्रसिद्ध केली, तरी घरोघरच्या दप्तरांतील सर्व पोथ्या पाहून झाल्या असें कोणी म्हणणार नाहीं. पोथ्यांच्या याद्या करतांना या नाटकापुढें 'पूर्ण' किंवा 'अपूर्ण' एवढाच शेरा मारण्याची चाल आहे. संग्राहकांनीं चौथ्या अंकाचीं पत्रें उघडून चार गोष्टी टिपाव्या : गीतें आहेत काय, द्विपदिकादि नांवें संहितेच्या ओळींत आहेत कीं समासांत, त्यांस गेरू लाविला आहे काय, आणि पुष्पिकेंत 'नाटक' म्हटलें आहे कीं 'त्रोटक'. गीतें नसूनहि समासांत मात्र नांवें राहिलीं आहेत अशी एखादी पोथी निघाल्यास तिची नक्कल अगोदर करावी.