सुट्टीनंतरचा वर्ग आणि 'तोत्तोचान'

तेत्सुको कुरोयानागी यांचे 'तोत्तोचान' (अनुवाद : चेतना सरदेशमुख-गोसावी, नॅशनल बुक ट्रस्ट) म्हटले की शिक्षकांना एक प्रसंग हमखास आठवतो. पहिल्या शाळेने काढून टाकलेल्या मुलीचे बोलणे मुख्याध्यापक कोबायाशी चार तास ऐकून घेतात. १९३७ ते १९४५ या काळात चाललेल्या त्या तोमोई शाळेत मुले जेमतेम पन्नास. आपल्याला ते कसे जमणार, असे म्हणून आपण पुस्तक मिटतो.

पण घेण्यासारखे आहे ते तिथल्या दिनक्रमात. दिवसभराचा सगळा अभ्यास बाई सकाळीच फळ्यावर लिहीत. सुरुवात कशाने करायची ते मूल ठरवी. पुढे काय होणार हे मुलाला ठाऊक असे आणि त्यात त्याची निवडही असे.

जूनमध्ये आपली मुले उशिरा झोपण्या-उठण्याची सवय घेऊन परततात. एखाद्याची सुट्टी घरातल्या आजारपणात किंवा भांडणात गेलेली असते. आपण मात्र पुस्तके वाटून लगेच पहिला धडा काढतो. त्याऐवजी दिवसाचा क्रम फळ्यावर लिहावा, पहिलीसाठी चित्रांनी दाखवावा. रोज पाच मुलांशी पाच-पाच मिनिटे बोलले, तर चाळीस मुले आठ दिवसांत होतात.

पुस्तकात एक उणीव आहे. या एका विद्यार्थिनीच्या आठवणी आहेत; शिक्षकांनी ही घडी कशी बसवली, कुठे अडले, हे त्यातून फारसे कळत नाही. ती बाजू आपल्यालाच आपापल्या वर्गात करून पाहावी लागेल.