‘अस्तु’ : स्मृतिभ्रंश आणि शुश्रूषेचा प्रश्न

प्रस्तावना :

मराठी साहित्यात आणि रंगभूमीवर वृद्धत्वाचे चित्रण विपुल आढळते. मात्र त्यातील वृद्ध बहुधा उपेक्षित असतो आणि त्याच्या दुःखाला कोणीतरी जबाबदार असते. १९७० साली रंगभूमीवर आलेल्या वि. वा. शिरवाडकर यांच्या ‘नटसम्राट’मधील गणपतराव बेलवलकरांना आपले वैभव, आपल्या भूमिका आणि मुलांनी केलेला अपमान हे सारे आठवत असते. किंबहुना आठवणे हेच त्यांचे दुःख आहे. सुमित्रा भावे व सुनील सुकथनकर दिग्दर्शित ‘अस्तु’ या चित्रपटाने हे समीकरण उलटे केले. येथे वृद्धाची स्मृतीच ओसरत जाते आणि दोष द्यावा असे कोणीच उरत नाही. २०१३ या वर्षासाठीच्या राष्ट्रीय चित्रपट पुरस्कारांत अमृता सुभाष यांना सहायक अभिनेत्रीचा आणि सुमित्रा भावे यांना संवादलेखनाचा पुरस्कार या चित्रपटासाठी मिळाला. प्रस्तुत लेखात या चित्रपटातील शुश्रूषेच्या कल्पनेची चिकित्सा केली आहे.

दोन स्त्रिया, दोन दृष्टी :

डॉ. चक्रपाणी शास्त्री हे संस्कृतचे निवृत्त प्राध्यापक. अल्झायमर या विकाराने त्यांना ग्रासले आहे. कन्या इरा त्यांना मोटारीत बसवून थोडा वेळ दूर जाते, तेवढ्यात रस्त्यावरून जाणाऱ्या हत्तीच्या मागे ते निघून जातात. एकीकडे त्यांचा शोध सुरू होतो आणि दुसरीकडे माहुताची पत्नी चन्नम्मा त्यांना सांभाळते. मनोविकारतज्ज्ञ असलेल्या डॉ. मोहन आगाशे यांनी शास्त्रींची भूमिका केली आहे. त्यांच्या अभिनयात रुग्णाची लक्षणे दिसतात, पण माणूस लक्षणांपुरता उरत नाही.

इराच्या समोर बसलेला माणूस हा तिच्या विद्वान वडिलांचा उरलेला अंश आहे. जे गेले त्याचा हिशेब तिच्या मनात अखंड चालू असतो. चन्नम्मापाशी असा हिशेब नाही. तिला या आजोबांचे पांडित्य ठाऊक नाही, त्यामुळे ते गमावल्याचे दुःखही नाही. ब्रिटिश अभ्यासक टॉम किटवुड यांनी १९९७ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात असे प्रतिपादन केले की, स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तीचे ‘व्यक्तिपण’ केवळ तिच्या मेंदूवर नव्हे, तर भोवतालची माणसे तिच्याशी कसे वागतात यावरही अवलंबून असते. कोणताही ग्रंथ न वाचता चन्नम्मा नेमके हेच आचरणात आणते. हे या चित्रपटाचे निःसंशय बलस्थान आहे.

आदर्शाची मर्यादा :

तथापि या आदर्शाची मर्यादा नोंदविणे आवश्यक आहे. चन्नम्माची शुश्रूषा अल्पकाळाची आहे, इराची मात्र वर्षानुवर्षांची. रात्री पुनःपुन्हा उठणारा, एकच प्रश्न विचारत राहणारा, अंघोळीला नकार देणारा रुग्ण सांभाळताना केवळ वात्सल्य पुरत नाही. शिवाय सांभाळणाऱ्या दोन्ही व्यक्ती स्त्रियाच आहेत. ‘त्यांची आई हो’ असा अर्थ प्रेक्षकाने घेतला, तर शुश्रूषेचा प्रश्न समाजाकडून पुन्हा लेकीसुनांच्या पदरात टाकला जातो.

आजरा तालुक्यातील प्रेक्षकाला हा मुद्दा विशेष जाणवावा. कानडी मुलखाला लागून असलेल्या या भागात चन्नम्माची कानडी वळणाची मराठी परकी वाटत नाही. स्मृतिभ्रंशात नंतर शिकलेली भाषा अनेकदा आधी विरते आणि बालपणीची भाषा अधिक काळ टिकते. म्हणून घरची बोली जाणणारी व्यक्ती जवळ असणे हाही शुश्रूषेचाच भाग ठरतो. आजरा, गडहिंग्लज, चंदगड या भागांनी मुंबईच्या गिरण्यांना कामगार पुरविले. पुढील पिढ्याही मुंबई-पुण्याकडे जात राहिल्या. अशा घरात सत्तरीच्या पतीला सांभाळणारी व्यक्ती म्हणजे बहुधा सत्तरीकडे झुकलेली पत्नीच असते. ‘म्हातारचळ लागला’ या एका शब्दप्रयोगात विकार, त्याचे निदान आणि उपाय तिन्ही झाकले जातात.

संस्थात्मक पर्याय :

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका राष्ट्रीय अभ्यासाच्या अंदाजानुसार भारतात साठीपुढील सुमारे ८८ लाख व्यक्तींना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे या वयोगटात शेकडा ७.४. त्यांच्यासाठी मोठ्या शहरांत साहाय्ययुक्त निवास व स्मृतिशुश्रूषा केंद्रे उभी राहू लागली आहेत. उत्तम केंद्रात ठरलेली दिनचर्या, शक्यतो तीच परिचारिका, दारांवर ओळखीची चित्रे आणि फिरून पुन्हा त्याच जागी आणणारी सुरक्षित पायवाट असते. शास्त्रींचे हत्तीमागे जाणे वैद्यकाच्या भाषेत ‘भटकणे’ ठरते. चित्रपट मात्र त्यातील कुतूहल दाखवितो. चांगल्या केंद्राची कसोटी हीच की, तेथे कुतूहलाला कुलूप लावले जात नाही.

२००७ च्या आईवडील व ज्येष्ठ नागरिक निर्वाह व कल्याण अधिनियमात प्रत्येक जिल्ह्यात किमान १५० निराधार ज्येष्ठांसाठी वृद्धाश्रमाची तरतूद आहे. परंतु तिचा निकष दारिद्र्य हा आहे, विस्मृती हा नव्हे. अनेक वृद्धाश्रमांत तर स्वतःची कामे स्वतः करता येणे ही प्रवेशाची अट असते. परिणामी ज्याला आधाराची सर्वाधिक गरज, त्यालाच दार बंद होते. खाजगी केंद्रांचा खर्च शेतकरी कुटुंबाच्या आवाक्याबाहेरचा आहे.

निष्कर्ष :

‘अस्तु’ या शब्दाचा अर्थ ‘असो’, ‘तसे होवो’. रुग्ण जसा आहे तसा स्वीकारावा, हे या चित्रपटाचे सांगणे मोलाचे आहे. परंतु व्यवस्थेच्या अभावालाही ‘अस्तु’ म्हणणे समर्थनीय नाही. चन्नम्माकडे जी दृष्टी आहे ती शिकविता येते. आशा सेविकेला, शेजारणीला, महाविद्यालयातील राष्ट्रीय सेवा योजनेच्या स्वयंसेवकाला ती देता येईल. तालुक्याच्या ठिकाणी दिवसा काही तास रुग्णाला सांभाळणारे एखादे केंद्र असेल, तर घरच्या माणसाला निदान दुपारची झोप मिळेल. चन्नम्माची माया आणि इराला मिळावयाची विश्रांती या दोहोंची सांगड घालणे हे समाजाचे काम आहे. चित्रपट त्यातील पहिल्या गोष्टीचे अविस्मरणीय दर्शन घडवितो. दुसरीबाबत तो मौन पाळतो, आणि ते मौन भरून काढण्याची जबाबदारी प्रेक्षकावर येते.