हमी कोणाला मिळाली? महामारी, पर्यटन आणि अर्थसंकल्पाची भाषा

आजचा विषय अर्थसंकल्पाचा आहे म्हटल्यावर काहींना प्रश्न पडला असेल, की तत्त्वज्ञान शिकवण्यात ज्यांची हयात गेली त्यांचा या आकडेमोडीशी काय संबंध? संबंध आहे. अर्थसंकल्पात आकडे दिसतात, पण त्या आकड्यांच्या आधी काही शब्द ठरलेले असतात. कशाला 'नुकसान' म्हणायचं, कशाला नुसती 'अडचण' म्हणायचं, कोणाला 'लाभार्थी' म्हणायचं, हे आधी ठरतं आणि मग पैशांचं वाटप होतं. शब्द तपासून पाहणं हे तर आमचं कामच. म्हणून कोविडच्या काळात पर्यटन व्यवसायासाठी सरकारने जे केलं, त्यातले तीन शब्द आज आपण तपासू: हमी, नुकसान आणि तग.

आधी वस्तुस्थिती बघू. २०१९ साली भारतात सुमारे १ कोटी ९ लाख परदेशी पर्यटक आले. २०२० मध्ये ही संख्या साधारण २७ लाखांवर आली आणि २०२१ मध्ये १५ लाखांवर. पण परदेशी पाहुणे हा आपल्या पर्यटनाचा लहान भाग. खरा भार देशातल्या प्रवाशांवर, आणि तेही घरात बसलेले. केंद्रीय पर्यटन मंत्रालयाने राष्ट्रीय उपयोजित अर्थशास्त्र संशोधन परिषदेकडून एक अभ्यास करून घेतला. त्याचा अंदाज असा, की एप्रिल ते जून २०२० या एकाच तिमाहीत पर्यटनातले १ कोटी ४५ लाख रोजगार गेले. महामारीआधी या क्षेत्रात थेट काम करणारे लोक सुमारे ३ कोटी ४८ लाख होते. म्हणजे दर पाच जणांतले दोघं तीन महिन्यांत घरी बसले.

आता सरकारने काय केलं ते बघा. २८ जून २०२१ रोजी अर्थमंत्री निर्मला सीतारामन यांनी एक पॅकेज जाहीर केलं. त्यात पर्यटनासाठी दोन मुख्य गोष्टी होत्या. पहिली, मान्यताप्राप्त गाइडना १ लाखापर्यंत आणि प्रवासी संस्थांना १० लाखांपर्यंत कर्ज, त्याला सरकारची शंभर टक्के हमी. दुसरी, व्हिसा देणं पुन्हा सुरू झालं की पहिल्या ५ लाख पर्यटकांना व्हिसा मोफत, मुदत ३१ मार्च २०२२ पर्यंत. पुढे काय झालं? एकेकट्या पर्यटकाला व्हिसा मिळू लागला १५ नोव्हेंबर २०२१ पासून. नियमित आंतरराष्ट्रीय विमानसेवा सुरू झाली २७ मार्च २०२२ ला. मधल्या काळात काही देशांशी ठरवून मोजकी विमानं चालू होती, हे खरं. तरी नियमित विमानं सुरू झाली तेव्हा मोफत व्हिसाचे चार दिवस उरले होते! सवलत खोटी नव्हती. ज्या दारावर तिची पाटी लावली ते दारच बंद होतं, एवढंच.

व्हिसाचं सोडून देऊ. मुख्य मुद्दा कर्जाच्या हमीचा, आणि इथे आपला पहिला शब्द येतो. 'शंभर टक्के हमी' हे शब्द कानाला किती दिलासा देतात! पण आपण शांतपणे विचारू: हमी कोणाला मिळाली? गाइडला? नाही. हमी मिळाली बँकेला. गाइडने कर्ज फेडलं नाही तर बँकेचं बुडणार नाही, हा त्या हमीचा अर्थ. गाइडच्या डोक्यावरचं कर्ज तसंच राहतं. हप्ता चुकला तर वसुलीचा फोन त्यालाच येतो, आणि पुढचं कर्ज मागायला गेला की थकबाकीदार म्हणून त्याचीच नोंद समोर येते. म्हणजे ज्याचं उत्पन्न शून्यावर आलं त्याला कर्ज, आणि ज्याच्याकडे तिजोरी आहे त्याला सुरक्षितता. याला कोणी लबाडी म्हणेल. आम्ही म्हणणार नाही. बँका बुडू नयेत ही चांगलीच गोष्ट आहे. पण एकाला दिलेल्या सुरक्षिततेला दुसऱ्याची मदत म्हणायचं, ही भाषेची हातचलाखी झाली.

हमीचा आणखी एक गुण असा, की ती सरकारच्या खर्चात लगेच दिसत नाही. कर्ज बुडेल तेव्हा सरकार पैसे देईल. तोवर ती फक्त संभाव्य देणी. म्हणून हजारो कोटींचा आकडा जाहीर करता येतो आणि त्या वर्षीच्या तुटीत त्याची जेमतेम सावली पडते. २०२२-२३ च्या अर्थसंकल्पात आपत्कालीन कर्ज हमी योजनेची मर्यादा ५० हजार कोटींनी वाढवून ५ लाख कोटी केली, आणि ही वाढ खास हॉटेल व आतिथ्य व्यवसायासाठी राखून ठेवली. त्याच वर्षी पर्यटन मंत्रालयाची स्वतःची तरतूद किती? २,४०० कोटी. आदल्या वर्षी, म्हणजे दुसऱ्या लाटेच्या वर्षी, ती २,०२६.७७ कोटी होती, आणि महामारी येण्याआधी २०२०-२१ साठी जाहीर झाली होती २,५०० कोटी. म्हणजे संकट आल्यावर तरतूद वाढली नाही, घटली. शिवाय या २,४०० कोटींतला जवळजवळ निम्मा पैसा, सुमारे १,१८१ कोटी, 'स्वदेश दर्शन' योजनेतल्या बांधकामांसाठी होता. बांधकामं हवीतच. पण घाट नवा बांधला म्हणून घाटावरच्या नावाड्याचं दीड वर्षाचं बुडालेलं उत्पन्न भरून येत नाही.

आता मोजणीकडे वळू. जून २०२१ च्या योजनेत गाइड किती? १०,७००. संस्था किती? हजाराच्या आसपास. एका तिमाहीतले गेलेले रोजगार १ कोटी ४५ लाख. भागाकार करून बघा, साधारण साडेतेराशे माणसांमागे एक गाइड! हे गाइड केंद्राने किंवा राज्याने मान्यता दिलेले होते. हॉटेलांसाठीच्या आपत्कालीन योजनेचा नियमही असाच: २९ फेब्रुवारी २०२० ला तुमच्यावर जितकं कर्ज होतं, त्याच्या काही टक्के नवं कर्ज. म्हणजे आधीचं कर्ज नसेल तर नवंही नाही. ज्याने अंथरूण पाहून पाय पसरले, बँकेचं तोंड न पाहता दोन खोल्या बांधून पाहुणे ठेवले, तो या हिशेबात बसतच नाही.

माथेरान घ्या. तिथे मोटारींना बंदी, त्यामुळे घोडेवाले आणि हातरिक्षा ओढणारे यांच्यावर तेव्हा गावाची बरीचशी ये-जा चालायची. पाहुणे थांबले तरी घोडा खायचा थांबत नाही. रिक्षा शेडमध्ये उभी करता येते, घोडा तसा उभा करता येत नाही. एप्रिल २०२१ मध्ये महाराष्ट्र सरकारने ५,४७६ कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्यात परवानाधारक रिक्षाचालकांना आणि नोंदणीकृत फेरीवाल्यांना प्रत्येकी दीड हजार रुपये थेट मदत होती. कर्ज नाही, मदत! रक्कम तुटपुंजी, पण तत्त्व योग्य. मात्र तिथेही दार परवान्याचंच. घोडेवाल्यांचा वेगळा गट त्या यादीत नव्हता.

आता दुसरा शब्द, नुकसान. इथे आपण कोकणात जाऊ, कारण एकाच घरात दोन प्रकारचे तोटे तिथे शेजारी शेजारी बघायला मिळतात. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगडच्या किनाऱ्यावर आदळलं. श्रीवर्धन, मुरूड, दापोली या पट्ट्यात घरांची छपरं उडाली, नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या. सरकारने नेहमीचे निकष वाढवले. पूर्ण पडलेल्या घराला दीड लाख, फळबागेला हेक्टरी १८ हजारांऐवजी ५० हजार. कमी होतं, उशिरा मिळालं, या तक्रारी होत्या, पण कोणीही असं म्हणालं नाही की पोफळीच्या बागेसाठी कर्ज घ्या. कारण वादळाने केलं ते नुकसान, हे सर्वांना मान्य.

त्याच घराच्या पुढच्या पडवीत पर्यटकांसाठी दोन खोल्या होत्या, त्या मार्चपासून बंद. त्या कोणी बंद केल्या? वादळाने नाही. सरकारच्या आदेशाने. आणि तो तोटा मात्र नुकसान ठरला नाही. ती ठरली 'तरलतेची अडचण', म्हणजे हातात रोख पैसा नसण्याची तात्पुरती गैरसोय, जिच्यावर उपाय कर्ज. आता सांगा, या दोन तोट्यांत फरक काय? उलट दुसऱ्या तोट्याची जबाबदारी सरकारवर जास्त आहे. वादळ सरकारने आणलं नव्हतं. टाळेबंदी सरकारने लावली होती, आणि योग्य कारणासाठी लावली होती, हेही आपण मान्य करू.

रोनाल्ड ड्वॉर्किन या तत्त्वज्ञाने १९८१ मध्ये एक भेद मांडला. एक नशीब असतं आपण जाणूनबुजून पत्करलेल्या जोखमीचं, जसं जुगाराचं. दुसरं असतं आपल्यावर येऊन कोसळलेलं, जसं वीज पडण्याचं. पहिल्याची जबाबदारी ज्याची त्याने घ्यावी, दुसऱ्याचा भार समाजाने वाटून घ्यावा. व्यवसाय म्हटला की चढउतार आलेच, असं जे म्हणतात ते महामारीला पहिल्या रकान्यात टाकतात. पण या खोल्या तर दोन्ही रकान्यांत बसत नाहीत. इथे जुगार नव्हता आणि वीजही नव्हती. इथे इतरांचे जीव वाचावेत म्हणून काही लोकांना आपली चूल बंद ठेवायला सांगितलं गेलं. रस्त्यासाठी जमीन घेतली की सरकार मोबदला देतं, कारण सर्वांच्या सोयीची किंमत एकाच शेतकऱ्याकडून वसूल करणं अन्याय आहे. मग सर्वांच्या आरोग्यासाठी दीड वर्षाची कमाई घेतली, तर मोबदल्याचा प्रश्नच कसा येत नाही?

हा निव्वळ पुस्तकी विचार नाही, कायद्यातही त्याचं बीज आहे. टाळेबंदी ज्या २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याखाली लागली, त्याच्या कलम १२ मध्ये किमान मदतीचे निकष ठरवायला सांगितलं आहे. त्यात मृत्यूसाठी सानुग्रह मदत आहे, घरांच्या पडझडीसाठी मदत आहे आणि उपजीविकेची साधनं पुन्हा उभी करण्यासाठीही मदत आहे. लगेच पुढचं कलम १३ कर्जफेडीतली सवलत आणि सवलतीचं कर्ज यांबद्दल आहे. ३० जून २०२१ रोजी सर्वोच्च न्यायालयाने कलम १२ चा आधार घेऊन कोविड मृत्यूंसाठी सानुग्रह मदतीचे निकष ठरवायला लावले आणि पुढे ५० हजार रुपये ठरले. उपजीविकेचा भाग मात्र त्याच कलमात पडून राहिला. पर्यटनाच्या बाबतीत सरकार कलम १२ वरून उडी मारून थेट १३ वर गेलं, असं म्हटलं तर चूक होणार नाही.

यावर दोन आक्षेप येतात, आणि ते वजनदार आहेत. पहिला: पैसा कुठे होता? खरंच नव्हता. मे २०२० मध्ये महाराष्ट्र सरकारने आपल्याच योजनांवरचा खर्च तरतुदीच्या ३३ टक्क्यांवर आणला. गोव्याची अवस्था तर दुष्काळात तेरावा महिना. २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने तिथल्या खाणी थांबल्या होत्या, आणि दोन वर्षांत पर्यटनही थांबलं. राज्यांना भार पेलणारा नव्हताच, हे कबूल. पण म्हणूनच तो केंद्राचा होता. आणि पैसा नव्हता असं म्हणायचं असेल तर तसं उघड म्हणावं. 'आम्ही देऊ शकत नाही' हे प्रामाणिक वाक्य आहे. कर्जाला मदत म्हणणं तसं नाही.

दुसरा आक्षेप: यादी कुठे होती? ब्रिटनने काम थांबलेल्यांच्या पगाराचे ८० टक्के, महिना २,५०० पौंडांपर्यंत, सरकारी तिजोरीतून दिले, कारण तिथे पगाराची नोंद असते. आपल्याकडे घोडेवाल्याची, वॉटर स्पोर्ट्सच्या बोटीवरच्या पोराची नोंद कोण ठेवतो? मान्य. पण एप्रिल ते जून २०२० मध्ये कोट्यवधी महिलांच्या जनधन खात्यांत दरमहा ५०० रुपये गेलेच ना? पैसे पोचवायची वाट होती. यादी नव्हती, कारण ती करायची गरज कुणाला वाटली नव्हती. यादी नसणं ही नैसर्गिक आपत्ती नव्हे, मंडळी.

आता तिसरा शब्द, तग. महामारी ओसरली, पर्यटक परतले, आणि सगळीकडे म्हटलं जाऊ लागलं की या क्षेत्राने कसा तग धरला! पण तग धरणाऱ्यांची मोजणी आपण नेहमी उरलेल्यांतूनच करतो. ज्याने घोडा विकला, जो गाइड सुरक्षारक्षक झाला, ज्या बाईने खानावळीची भांडी मोडीत काढली, ते या कौतुकात नाहीत. आणि जे उरले त्यांनी तग धरला तो बायकोच्या दागिन्यांवर, भावाच्या उसनवारीवर. ते सारं कुटुंबाचं भांडवल होतं. अर्थसंकल्पाने ते खर्ची घातलं, आणि त्याची नोंद कुठल्याच रकान्यात नाही.

मग करायचं काय? महाराष्ट्राला उत्तर परकं नाही. १९७२ च्या दुष्काळात वि. स. पागे यांच्या कल्पनेतून रोजगार हमी आली, १९७७ मध्ये तिचा कायदा झाला, आणि तिच्यासाठी शहरी नोकरदारांवर व्यवसाय कर बसला. त्या योजनेत दोष किती, यावर वेगळं व्याख्यान होईल. पण तिच्यात 'हमी' शब्दाचा अर्थ सरळ होता: हमी मजुराला. सावकाराला नाही. आणि तिची तरतूद दुष्काळ पडल्यावर शोधत बसायची नव्हती, ती कायद्यातच होती. पर्यटनासाठी असंच काही करता येईल. चांगल्या वर्षांत हॉटेलांच्या महसुलातला छोटा वाटा एका निधीत टाकायचा, नगरपालिका आणि ग्रामपंचायतींनी या व्यवसायातल्या माणसांची नोंद ठेवायची, आणि सरकारी आदेशाने व्यवसाय बंद झाला की ठरलेली रक्कम आपोआप द्यायची. कर्ज त्याच्या वर, ज्याला हवं त्याला.

पुढच्या फेब्रुवारीत अर्थसंकल्प ऐकताना 'हमी' हा शब्द आला की आपण एवढंच विचारू या: कोणाला? आज इथेच थांबतो आम्ही. प्रश्न असतील तर जरूर विचारा.